चाकोबाचा चातुर्मास

८ जून १९५८, रविवार

आज दुपारी हैबतराव साहेबांची चासी आमच्या खळ्यात उतरली. चासी म्हणजे मोटारीचा नुसता सांगाडा. टप नाही, दारे नाहीत, गाद्या नाहीत, इंजिनसुद्धा आधीच पुण्याला गेले. दोन लांब लोखंडी तुळया, मधे आडव्या पट्ट्या, खाली स्प्रिंगचे पाटे, तारांची चार चाके आणि पुढे एकटेच उभे असलेले स्टिअरिंग. कोंबड्या लगेच वर चढून बसल्या.

ही मोटार मी पुरी असताना पाहिली आहे. मुळशीच्या तलावाकाठच्या शिकारी बंगल्यावर मी एकवीस वर्षे राखणदार होतो, तिथे मालक दर हिवाळ्यात हिच्यातून यायचे. दिवे एवढे मोठे की त्यात तोंड बघून मिशी कातरावी. पुढे मालक गेले, बंगला विकला, मोटारीच्या लाकडी अंगाला वाळवी लागली. उरले ते हे लोखंड. ते पुण्याच्या हैबतराव साहेबांनी विकत घेतले. त्यांचा पुण्यात लहानसा कारखाना आहे आणि जुन्या मोटारींचा नाद आहे. त्यांची तिकडची शेड दसऱ्यापर्यंत बांधून होईल. तोवर पावसाळाभर चासी इथे कासार आंबोलीला, माझ्या भरवशावर.

साहेब म्हणाले, "कुशाबा, लोखंडाला काहीही लावायचं नाही. नुसतं झाकून ठेवा. दसऱ्यानंतर मी मिस्त्री घेऊन येतो. लोखंड शाबूत असलं तर नवी बॉडी चढवू, हुबेहूब पूर्वीसारखी. गंजानं खाल्लं असलं, तर मात्र भंगारात."

मी म्हणालो, "माझ्यावर सोडा."

का म्हणालो कोणास ठाऊक. बंगल्यावर एकदा एक डॉक्टर आले होते, त्यांनी सांगितले होते की काळजी वाटली की कागदावर लिहावी, कमी होते. माझे शिक्षण चौथीपर्यंत, म्हणजे चौथीच्या दारापर्यंत. तरी लिहितो. अजून कमी झालेली नाही.

१४ जून

झाकायचे कशाने? गोणपाट ओले राहते. पेंढा टाकला तर उंदीर. सगुणा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अवं, भातलावणीला मानसं पावसात डोक्याव इरलं घेत्यात, तसं तिलाबी एक इरलं करा."

तिला चेष्टा करायची होती. मला पटले. वरच्या वाडीतला धाकलू बांबू आणि पाने विणून इरली करतो, त्याला निरोप पाठवला की दहा हात लांबीचे इरले पाहिजे. आज तो पळतच खाली आला, घाबरलेला.

"दहा हात? कुशाबा, कंचा मानूस हाय ह्यो?"

मी चासी दाखवली. तो तिच्याभोवती दोनदा फिरला.

"ह्याला हाडंच हायेत नुसती. मेलं कवा?"

"मेलं नाही. दसऱ्यानंतर उठणार आहे."

धाकलूने माझ्याकडे बघितले, मग सगुणाकडे बघितले. सगुणाने मान हलवली, "करून द्या भावजी. म्हाताऱ्याचा जीव निवंल."

२९ जून

इरले झाले. झोपडीएवढे आहे. रस्त्याने जाणारी माणसे थांबून बघतात. शेजारचा जयसिंग रोज सकाळी बांधावरून ओरडतो, "कुशाबा, तुमची म्हैस व्याली का?"

पण आज इरल्याखाली शिरून हात फिरवला तर बोट लाल झाले. तांबेरा. डाव्या तुळईला, पाट्यांना, खालच्या बाजूला सगळीकडे. मुळशीची हवाच ओली, पाऊस वरून येत नाही तेव्हा जमिनीतून येतो. साहेबांनी काही लावायचे नाही म्हणून बजावले आहे. न लावावे तर भंगार, लावावे तर शब्द मोडला. जेवण गेले नाही. सगुणाने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि माझी तिसरीही खाल्ली.

६ जुलै

चोरी झाली. चाकावरची पितळी टोपी गेली आणि पुढचे दोन बोल्ट. लोखंड खायला गंज आणि पितळ खायला माणसे. दसऱ्यापर्यंत साहेबांना दाखवायला नुसते इरले उरेल.

मी चासीशेजारी घोंगडी टाकून दिवसभर बसलो. जयसिंग म्हणाला, "आता तुमीच गंजाल."

सगुणा माझ्यासाठी चहा घेऊन आली. बराच वेळ चासीच्या तोंडाकडे बघत राहिली. दोन तुळयांमधली पुढची आडवी पट्टी मधे जरा फुगीर आहे, तिला ती तोंड म्हणते. मग म्हणाली, "गावात काय चोरीला जात न्हाई, सांगा बरं?"

मी म्हणालो, "सगळं जातं. परवा पाटलाचा नांगराचा फाळ गेला."

"देवळातलं जातंय का?"

"ते कसं जाईल?"

ती कप उचलून गेली. असे मधेच विषय बदलते. वय झाले तिचे.

१३ जुलै

सगुणाचा भाऊ भैरू भेटायला आला होता. तो रेल्वेत होता, घाटातल्या पुलांवर डबा-कुंचला घेऊन लटकण्याचे त्याचे काम. आता पेन्शनीत आहे. दोघे बहीणभाऊ खळ्यात बसून काहीतरी कुजबुजत होते. भैरू चासीवर नख घासून बघत होता. मी गेलो तर गप्प झाले. माझ्या तब्येतीबद्दल बोलत असणार. माझी नाडी मंद लागते हे मलाही जाणवते आहे.

१९ जुलै, शनिवार

काय लिहू. सकाळी इरले बाजूला केले तर चासीच्या तोंडाला शेंदूर! चांगला जाड, तेलात कालवलेला, वर दोन रुप्याचे डोळे चिकटवलेले. पुढे जास्वंदीचे फूल आणि उदबत्ती.

साहेबांनी काही लावू नका सांगितले होते आणि इथे देवच प्रगट झाला. सगुणाला हाक मारली. तिने पदर डोक्यावर घेऊन तिथेच लोटांगण घातले.

"म्या काल सपनात बघितलं हुतं," ती म्हणाली. "चार चाकांचा देव. म्हणला, मी थकलोय, जरा टेकतो हितं."

"पण लावला कुणी शेंदूर?"

"देवाला कोन लावतंय? उमटतो त्यो."

तिचे हात कोपरापर्यंत केशरी होते. मी विचारले, तर म्हणाली, पाया पडताना लागले. खरेच, लोटांगण घालताना माणूस कुठे कुठे हात टेकतो.

यंदा अधिक श्रावण आहे, बायकांना पुण्य जोडायची घाई. दुपारपर्यंत खळे भरले. कोणीतरी नावही ठेवले, चाकोबा.

२१ जुलै

शेंदूर काढायचे ठरवले. देवाची क्षमा मागितली, राख आणि चिंच घेऊन बसलो. शेंदूर काही निघेना, लोखंडाला घट्ट धरून बसला आहे. मग विळ्याची मूठ लावली. तेवढ्यात बांधावरून जयसिंग ओरडला, "अरं, म्हातारा देव खरवडतोय! धावा!"

गाव जमले. हाच जयसिंग परवापर्यंत त्याला म्हैस म्हणत होता. देवळाचा गुरव बहिरू आला, त्याने माझ्याकडून पाच नारळ घेतले आणि कान धरून माफी वदवून घेतली. दंड म्हणून इथून पुढे रोज दिवा लावायचा. मी लावीन. पण साहेबांना काय सांगू?

२६ जुलै, शनिवार

चमत्कार. पितळी टोपी परत आली. सकाळी चासीपुढे एका पानावर ठेवलेली, शेजारी नारळ आणि हळदकुंकू. कोणी ठेवली कळले नाही. बहिरू म्हणाला, देवाने ओढून आणली.

२ ऑगस्ट, शनिवार

दोन्ही बोल्ट आले. शिवाय पाटलाचा नांगराचा फाळ आला, आणि एका तांब्याचे झाकण, ते कोणाचेच नाही. मला वाटते, देवाला मोटारीचे नेमके सामान माहीत नसावे, म्हणून जे लोखंड-पितळ दिसेल ते ओढतो.

९ ऑगस्ट, शनिवार

आता दर शनिवारी शेंदूर लागतो. लावणाऱ्या बायकांच्या पुढे सगुणा उभी असते, मोठ्या गुरवाच्या ऐटीत. आज तिचे बोलणे ऐकले.

"अगं साळूबाई, नुसतं तोंडाला काय फासतीस? देवाचं सगळं अंग हाय. त्या पाट्यांच्या बेचक्यात घाल. खालून घाल. तांबडं दिसंल तितं आदी वाळू घासायची, निपटून काढायचं, मग लावायचं."

साळूबाई म्हणाली, "वाळू घासायची रीत कुटली, काकी?"

"नवस फेडायची हाय. तुला पोरीचं लगीन जमवायचं हाय ना? मग जा खाली."

साळूबाई, तिची जाऊ आणि धोंडाबाई अशा तिघी चासीखाली उताण्या झोपून एक तास घासत होत्या. भक्ती म्हणजे भक्ती. मला तर तिकडे वाकवतही नाही.

शेंदूर कालवायचे तेल सगुणा स्वतः आणते आणि आधी उकळते. तेही जवसाचे. देवाला जवसाचे तेल लावलेले मी कधी ऐकले नव्हते. बहिरूलाही नवल वाटले. ती म्हणाली, "आमच्या म्हायेरी असंच लावत्यात." तिच्या माहेरी कुठला देव आहे ते आठवत नाही.

३१ ऑगस्ट

चासी आता शेंड्यापासून चाकापर्यंत केशरी झाली आहे. इरल्याखालून चमकते. धाकलू वाडीतली सगळी माणसे घेऊन दर्शनाला आला. आपण देवाचे इरले केले हे त्याने सगळ्यांना सांगितले आणि इरल्याला दोन नव्या कामट्या फुकट घातल्या. जाताना मला हळूच म्हणाला, "तुमी म्हनला हुता तसं उठलं की वं!"

सगळे आनंदात आहेत. साळूबाईच्या पोरीचे जमले. मी एकटाच रोज मोजतो आहे, दसऱ्याला किती दिवस उरले.

२८ सप्टेंबर

साहेबांचे पत्र आले. २६ ऑक्टोबरला नथू मिस्त्रीला घेऊन येतात. शेवटी लिहिले आहे, "लोखंडाला काही लावले नसेल अशी आशा आहे."

पत्र तीनदा वाचले. मग सगुणाला वाचून दाखवले.

"येऊ द्या की," ती म्हणाली आणि शेंगा निवडत राहिली.

"अगं, विश्वासानं ठेवली त्यांनी. मी शब्द दिला होता. लोखंडाचं काय झालंय त्या शेंदराखाली, कुणाला माहीत? पाऊस आतच कोंडला असंल. पोखरून गेली असंल. भंगारात जाईल ती!"

"अवं, मोटारीचं लोखंड तुमच्यापरीस घट हाय. आन् जरा तुमीबी घट व्हा."

बोलायला काय जाते. आता मी साहेबांना पत्र लिहायला बसतो. चार ओळी लिहितो आणि फाडतो. "साहेब, चासी ठीक आहे, फक्त देव झाली आहे." असे कसे लिहायचे?

१२ ऑक्टोबर

भात पिवळे झाले आहे. जयसिंगने चाकोबासाठी पत्र्याची छपरी घालायची टूम काढली आहे. म्हणतो, पुढच्या वर्षी जत्रा भरवू. मी म्हणालो, चासी साहेबांची आहे. तो म्हणाला, "साहेबाची हुती. आता देव हाय. देव कुणाचा असतोय का?" झाले, आता एका बाजूला भंगारवाला आणि दुसऱ्या बाजूला जयसिंग.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजचे सगळे नीट लिहून ठेवतो.

साहेब आणि नथू मिस्त्री नऊ वाजता आले. लॉरी फाट्यावर ठेवली, कारण आमच्या पाणंदीत अजून चिखल आहे. मी इरले उचलले आणि डोळे मिटून घेतले.

साहेब म्हणाले, "कुशाबा... हे काय आहे?"

मी सगळे सांगितले. सपन, शेंदूर, नारळ, पाटलाचा फाळ. मधे दोनदा माफी मागितली. शेवटी म्हणालो, "साहेब, शब्द पाळला नाही. माझ्या देखत भंगारात देऊ नका, एवढंच."

नथू मिस्त्री खाली बसला. पिशवीतून पातळ पाते काढले आणि तोंडाच्या उजव्या टोकाला वीतभर जागा खरवडली. शेंदूर पापुद्र्याने निघाला. मग रॉकेलच्या फडक्याने पुसले. मला बघवेना.

"साहेब," नथू म्हणाला, "इकडं या."

लोखंड चांदीसारखे होते. तांबेऱ्याचा एक ठिपका नाही. नथू खाली झोपून आत शिरला, आतून ठोकून बघत गेला. प्रत्येक ठिकाणी घंटेसारखा आवाज. बाहेर आला तेव्हा त्याचे तोंड केशरी आणि हसरे होते.

"कारखान्यात ठेवली असती तरी अशी राहिली नसती. रेल्वेच्या पुलांना हेच लावतात साहेब, शेंदूर आणि जवसाचं तेल. आणि आधी घासून लावलंय, बेचक्यांतसुद्धा. हे करणारा माणूस जाणता आहे."

रेल्वेचे लोक एवढे भाविक असतील असे वाटले नव्हते. पण खरे आहे, पुलावरून एवढी माणसे जातात, देवाचा हात पाहिजेच.

साहेबांनी माझा हात धरला. "कुशाबा, हिच्यावर बॉडी चढणार. आजच नेतो." माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आले, ते धोतराने पुसले. सगुणा मागे उभी होती, पदर तोंडावर धरून. तीही रडत असावी. खांदे हलत होते.

पण तेवढ्यात जयसिंग गाव घेऊन आला. "देव हलायचा न्हाई!"

साहेबांनी पुण्याच्या भाषेत पुष्कळ समजावले. विकत घेतल्याचे कागद दाखवले. जयसिंग म्हणाला, "कागदाव चाकोबाचं नाव कुटं हाय?" साहेबांनी कागद घडी घालून खिशात ठेवले. मी जयसिंगचे पाय धरायला निघालो.

तेव्हा सगुणा पुढे झाली. "भांडताय कशापायी? देवालाच इचारा की. कौल लावा. उजवं फूल पडलं तर त्यो पुन्याला जातो, डावं पडलं तर हितंच ऱ्हातो. हाय कबूल?"

बहिरूला ते पटलेच. जयसिंगही म्हणाला, कबूल. सगुणा म्हणाली, "पर फुलं मी लावनार. देव माज्या खळ्यात टेकलाय."

तिने झेंडूची दोन फुले पाण्यात बुडवली. डावे फूल तोंडाच्या डाव्या टोकाला शेंदराच्या जाड थरात दाबून बसवले. उजवे मात्र नथूने खरवडून पुसलेल्या उघड्या लोखंडावर चिकटवले. देवाची ती दुखरी जागा, तिथे कशाला? पण बाईमाणसाच्या ध्यानात येत नाही, आणि सगळ्यांसमोर टोकायचे कसे?

बहिरूने गाऱ्हाणे सुरू केले. "बा चाकोबा, चारी चाकांच्या धन्या, तू हितं..." एवढेच झाले आणि उजवे फूल टपकन खाली पडले.

बहिरू गाऱ्हाणे अर्धे सोडून बघत राहिला. इतका झटपट कौल मी जन्मात पाहिला नाही. डावे फूल तर हललेही नाही. जयसिंगने टोपी काढली आणि हात जोडले. "देवालाच पुन्याची वढ हाय, तितं आपून काय करनार? पर साहेब, बॉडी घातली की एकदा दर्सनाला आनायची."

"शब्द देतो," साहेब म्हणाले. ते सगुणाकडे बघत होते. नथू मिस्त्री खोकत पाठ फिरवून उभा होता.

मग बैल जोडले, दोन जोड्या. हलगी आली. तुळयांवर फळी टाकली आणि नथू स्टिअरिंग धरायला चढू लागला, तर साहेब म्हणाले, "तुम्ही नाही. कुशाबा बसतील."

मी एकवीस वर्षे ही मोटार धुतली, पुसली, पण आत कधी बसलो नव्हतो. नाही म्हणालो. मला येत नाही म्हणालो. सगुणाने दंडाला धरून चढवले.

बैल निघाले. मागून दहा जणांनी दोर धरला होता. लोक दोन्ही बाजूंनी फुले टाकत होते, त्यातली काही माझ्याही अंगावर पडत होती. वडापाशी उतार लागला तसे मी चक्र आवळून धरले आणि दोन्ही पायांनी ब्रेक शोधू लागलो.

"कुशाबा," साहेब खालून हसत ओरडले, "ब्रेक अजून बसवायचाय!"

सगुणा चाकाच्या बाजूने चालत होती, हात अजून केशरी.

"अवं, पाय कशाला आपटताय? मागं दोर हाय, म्होरं बैल हायेत, आन् बाजूला मी हाय. हसा की जरा, सारं गाव बघतंय!"

दात नाहीत, तरी हसलो.